रुबिडियमला जीपीएसचं वळण: घरगुती १० मेगाहर्ट्झ संदर्भ उभा करताना

जुन्या टेलिकॉम सामानातून काढलेला रुबिडियमचा डबा हाती येतो. २४ व्होल्ट दिले, पाचेक मिनिटांत लॉक झाला (आतला दोलक अणूंच्या वारंवारतेवर बसला), १० मेगाहर्ट्झ मिळालं. मग वाटतं, अणूंवर चालणारं घड्याळ आहे, आता काय बिघडणार? बिघडत काही नाही, पण ते १० मेगाहर्ट्झ नेमकं किती हललेलं आहे हे डबा सांगत नाही. रुबिडियम-८७ ची वारंवारता ६,८३,४६,८२,६१०.९ हर्ट्झ आहे खरी, पण ती मोकळ्या अणूची. काचेच्या कुपीत अणूंसोबत भरलेला बफर वायू, दिव्याचा प्रकाश आणि भोवतीचं चुंबकीय क्षेत्र या तिन्हींमुळे ती थोडी सरकते, आणि प्रत्येक कुपीत वेगळी सरकते. सेकंदाची व्याख्या सीझियमवर आहे. रुबिडियमला मात्र कुणीतरी बाहेरून जुळवून द्यावं लागतं.

ते काम जीपीएसचे उपग्रह करतात: रिसीव्हर त्यांच्या वेळेवरून दर सेकंदाला एक टोला देतो (पीपीएस), आणि त्याच्याशी ताडून रुबिडियमला सतत थोडं थोडं जुळवत राहणारं चक्र म्हणजे लूप. हा लेख एलपीआरओ-१०१ सारखा, बाहेरून ० ते ५ व्होल्ट देऊन जुळवता येणारा डबा धरून लिहिला आहे. एफई-५६८०ए असेल तर जुळवणी सिरियल पोर्टवरून होते, पण त्या एकाच नावाखाली वेगवेगळ्या जोडण्यांचे बरेच नमुने फिरतात. आपल्या नगाचा कागद हातात आल्याशिवाय वीज देऊ नका. पीआरएस१० असेल तर अर्धा लेख वाचायची गरज नाही. त्यात पीपीएसची वायर जोडायची सोय आणि लूप दोन्ही आतच आहेत, त्याबद्दल सातव्या पायरीत लिहिलं आहे.

आधी एक विचारून घ्या: हे खरंच लागणार आहे का? १० गिगाहर्ट्झच्या हॅम कामाला किंवा क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा उपग्रह ऐकायला एलएनबीला (डिशच्या तोंडावरच्या डब्याला) संदर्भ द्यायचा असेल, तर ओव्हनमधलं क्वार्ट्झ असलेला साधा जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसने जुळवलेला दोलक, पुरतो. रुबिडियमचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे: आकाश दिसेनासं झालं तरी तासन् तास न ढळणं, आणि काही मिनिटांपासून काही तासांपर्यंतची मोजमापं.

आकडे बोलायची सोय म्हणून या लेखात "१ भाग" म्हणजे लाख कोटीत एक. १ भागाची चूक म्हणजे तासाला ३.६ नॅनोसेकंद, दिवसाला ८६.४ नॅनोसेकंद. एवढं पाठ असलं की पुढची सगळी गणितं तोंडी होतात.

दोन घड्याळांचे स्वभाव

सगळी मेख इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

चांगला रुबिडियम १ सेकंदावर (म्हणजे १ सेकंदाच्या सरासरीत) ३० भागांच्या आसपास थरथरतो, १०० सेकंदांवर ३ भाग, आणि तापमान शांत असेल तर १०,००० सेकंदांवर १ भागाच्या आसपास येतो. त्यापुढे तो सावकाश वाहवत जातो. एलपीआरओच्या कागदावर महिन्याला ५० भागांपर्यंतची सूट घेतलेली आहे.

रिसीव्हरची पीपीएस नेमकी उलट. समजा तिच्यात १० नॅनोसेकंदांचा थरकाप आहे. म्हणजे १ सेकंदावर १०,००० भाग, १०० सेकंदांवर १०० भाग, १०,००० सेकंदांवर १ भाग आणि दिवसावर जेमतेम ०.१ भाग. जवळून पाहिलं तर वेंधळी, लांबून पाहिलं तर अचूक.

दोघांच्या रेषा दहाएक हजार सेकंदांवर एकमेकींना छेदतात. त्याच्या अलीकडे रुबिडियमचं ऐकायचं, पलीकडे उपग्रहांचं. लूपचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे तो चूक किती सावकाश भरून काढतो तो काळ, याच छेदाच्या आसपास हवा. नवख्या बांधणीत हटकून दिसणारी चूक म्हणजे क्वार्ट्झसाठी लिहिलेला १०० सेकंदांचा लूप तसाच रुबिडियमला लावणं. मग फेजचा, म्हणजे रुबिडियमचा टोला आणि पीपीएस यांतल्या अंतराचा, आलेख सुंदर सपाट दिसतो, कारण रुबिडियम बिचारा रिसीव्हरच्या प्रत्येक थरकापामागे धावत असतो. आलेख सपाट, आणि आउटपुट मोकळ्या रुबिडियमपेक्षा वाईट.

सामान आणि कागद

- रुबिडियम, त्याच्या नेमक्या आवृत्तीचं मॅन्युअल, आणि २४ व्होल्ट ३ ॲम्पियरचा पुरवठा. एलपीआरओ गरम होताना पावणेदोन ॲम्पियरच्या आसपास घेतो, नंतर अर्ध्या ॲम्पियरवर येतो. दीड ॲम्पियरचा पुरवठा लावला की तो लॉक न होताच अडखळत राहतो आणि दोष डब्यावर जातो.
- टायमिंगसाठीच बनवलेला रिसीव्हर: यू-ब्लॉक्सचा एम८टी किंवा दोन वारंवारतांचा एफ९टी. ड्रोनसाठी विकला जाणारा स्वस्त मॉड्यूलही पीपीएस देतो, पण त्यात जागा कायम करून फक्त वेळ काढायची सोय नसते आणि करवती दुरुस्तीचा आकडाही मिळत नाही (ही करवत पाचव्या पायरीत येते).
- छतावर लावायची अँटेना, आरजी-६ केबल, विजेचा झटका जमिनीत सोडणारा गॅस ट्यूबचा सर्ज अरेस्टर, पाण्याला अडवणारी रबरी टेप.
- अर्डुइनो नॅनो, ७४एचसी३९०, ७४एचसी४०४६, १एन५७११ डायोड, ३.९ किलोओहम आणि १० मेगाओहमचे रोध, १ नॅनोफॅरडचा एनपी० कपॅसिटर, १६ बिटांचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) आणि त्याला स्वतंत्र व्होल्टेज संदर्भ.
- जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक, थर्मल पेस्ट, तापमान मोजायला एक सेन्सर.
- संगणकावर यू-सेंटर, आणि आलेखांसाठी टाइमलॅब किंवा स्टेबल३२. तिन्ही फुकट मिळतात.

१. डबा जिवंत आहे का, ते आधी पाहा

आधी हीटसिंक, मग वीज. हा क्रम उलटा करू नका. तळपट्टी ७० अंशांच्या वर जाता कामा नये, आणि नुसत्या टेबलावर ठेवलेला डबा तिकडेच निघतो.

लॉकची वायर पाहा. एलपीआरओमध्ये ती लॉक झाल्यावर खाली येते, वर असेल तर लॉक नाही. पाच-सात मिनिटांत लॉक व्हायला हवा. दिव्याचं व्होल्टेज बाहेर काढलेलं असतं, ते मोजून वहीत तारखेसकट लिहा. ३ व्होल्टच्या खाली असेल तर दिवा थकला आहे, त्या नगावर पुढची मेहनत वाया घालवू नका. बरा असला तरी दर महिन्याला हा आकडा लिहायचा. दिवा एकदम जात नाही, आधी हा आकडा घसरत जातो.

वर्षानुवर्षं बंद पडलेला डबा पहिले काही आठवडे बराच वाहवतो. पहिल्या २४ तासांतल्या कुठल्याच मापावर विश्वास ठेवू नका.

२. तापमान बांधा

एलपीआरओची वारंवारता पूर्ण तापमान पट्ट्यात ३०० भागांच्या आत राहते, म्हणजे ढोबळ मानाने अंशाला ३ भाग. विदर्भातल्या एप्रिलमध्ये बिनएसीच्या खोलीत दिवसाला ८–१० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे २५–३० भागांचा डोलारा. वर आपण १ भागाच्या गप्पा मारत होतो.

उपाय साधा आहे: तळपट्टीवर सेन्सर, थोडा लांबून हीटसिंकवर वारा सोडणारा हळू पंखा, आणि तळपट्टी ४५–५० अंशांवर धरून ठेवणारं साधं नियंत्रण. लक्ष्य तापमान खोलीच्या कमाल तापमानापेक्षा बरंच वर हवं, नाहीतर मे महिन्यात पंखा पूर्ण वेगाने फिरूनही काही करू शकत नाही. वाऱ्याचा झोत डब्यावर नको, हीटसिंकच्या पंखांवर हवा. पंख्याची मोटर आणि वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर डब्यापासून हातभर लांब ठेवा. आपण ज्या चुंबकीय क्षेत्राने वारंवारता जुळवणार आहोत, त्यातच ते लुडबुड करतात.

३. अँटेना

अख्खं आकाश दिसणारी गच्ची उत्तम. फ्लॅटमध्ये फक्त गॅलरी असेल तर उत्तरेकडची सर्वात वाईट. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या असल्यामुळे आपल्याकडून बरोबर उत्तरेला, क्षितिजापासून बऱ्याच उंचीपर्यंत, उपग्रह फिरकत नाहीत. समोर काचेची किंवा पत्र्याची इमारत असेल तर तिच्यावरून परावर्तित होऊन आलेला सिग्नल खऱ्यात मिसळतो. रिसीव्हरमध्ये १५ अंशांच्या खालचे उपग्रह सोडून द्या, गॅलरी असेल तर २५.

केबल ७५ ओहमची चालते. तिच्यातला उशीर आरजी-६ मध्ये मीटरला ४ नॅनोसेकंद, आरजी-५८ मध्ये ५. वारंवारतेला याने काही फरक पडत नाही, कारण उशीर कायम आहे. घड्याळाची वेळही बरोबर हवी असेल तरच तो रिसीव्हरमध्ये भरा.

जोडावर टेप गुंडाळा आणि केबल इमारतीत शिरण्यापूर्वी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल. पाणी शिरलेला जोड लगेच मरत नाही, दोन पावसाळे हळूहळू सिग्नल खातो. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवायची सवय लावा. अरेस्टर आणि अर्थिंग असलं तरी.

४. रिसीव्हर बसवा

यू-सेंटरमध्ये टाइम मोड शोधा आणि सर्व्हे-इन (अँटेनाची नेमकी जागा सरासरीने काढणं) २४ तासांचा, म्हणजे ८६,४०० सेकंदांचा लावा. घाईत १० मिनिटांचा सर्व्हे केला तर जागा काही मीटर चुकते. प्रत्येक मीटरमागे वेळेत ३ नॅनोसेकंदांपर्यंत चूक शिरते, आणि उपग्रह फिरतील तशी ती बदलत राहते. सर्व्हे संपला की आलेले निर्देशांक कायम म्हणून भरा आणि जतन करा. नाहीतर वीज गेली की पुन्हा सर्व्हे.

एसबीएएस, म्हणजे उपग्रहांवरून येणाऱ्या जागेच्या दुरुस्त्या, बंद करा. आपल्याकडे त्याचं नाव गगन. विमानांच्या जागेसाठी ते उत्तम आहे, पण पीपीएससाठी ते बंद ठेवावं असं यू-ब्लॉक्सचंच म्हणणं आहे. ग्लोनासही बंद, कारण त्याचा प्रत्येक उपग्रह जरा वेगळ्या वारंवारतेवर बोलतो आणि रिसीव्हरमध्ये प्रत्येकाला वेगळा उशीर लागतो. सुरुवात नुसत्या जीपीएसवर करा.

सर्वात फसवी गोष्ट: उपग्रह हरवले तरी बरेच रिसीव्हर पीपीएस देतच राहतात, आतल्या क्वार्ट्झच्या भरवशावर. तुमचा लूप त्या भरकटलेल्या टोल्यांमागे रुबिडियमला ओढत नेतो आणि दिवे सगळे हिरवेच असतात. टाइमपल्सच्या सेटिंगमध्ये "लॉक नसेल तर पल्स नाही" असं बसवा आणि अँटेना उपटून खात्री करा.

५. फेज मोजण्याचं सर्किट

७४एचसी३९० च्या अर्ध्या भागाने १० मेगाहर्ट्झला आधी २ ने भागा, मग ५ ने. मधले ५ मेगाहर्ट्झ नॅनोच्या डी५ वर, शेवटचे १ मेगाहर्ट्झ ७४एचसी४०४६ च्या ३ नंबरच्या पायावर. पीपीएस त्याच्या १४ नंबरवर आणि नॅनोच्या डी८ वर. रुबिडियमचं आउटपुट अर्ध्या व्होल्टच्या आसपासची साइन लहर आहे. ती थेट ३९० ला देऊ नका, आधी एका इन्व्हर्टरने चौकोनी करा.

४०४६ चा १५ नंबरचा पाय पीपीएसच्या कडेला वर जातो आणि पुढच्या १ मेगाहर्ट्झच्या कडेला खाली येतो. तेवढा वेळ डायोड आणि ३.९ किलोओहममधून १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर भरतो. पूर्ण १ मायक्रोसेकंद भरला तर त्यावर जेमतेम १.०४ व्होल्ट चढतात, म्हणून नॅनोच्या एडीसीला (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाला) आतला १.१ व्होल्टचा संदर्भ द्यायचा. ५ व्होल्टवरच ठेवलात तर एका पायरीला १ नॅनोसेकंदाऐवजी पाच पडतात. १० मेगाओहमचा रोध पुढच्या सेकंदापर्यंत कपॅसिटर रिकामा करतो. कपॅसिटर एनपी० च हवा, साधा सिरॅमिक तापमानाबरोबर बदलतो.

हे माप ० ते १००० नॅनोसेकंदांतच फिरतं. किती मायक्रोसेकंद ओलांडले हे डी८ वर पकडलेला मोजक सांगतो. तो १६ बिटांचा असल्यामुळे सेकंदाला ५० लाख मोजल्यावर दोन वाचनांतला फरक १९,२६४ दिसला पाहिजे. सतत वेगळाच आकडा आला तर भागाकाराची जोडणी चुकली आहे. अधूनमधून उडी मारत असेल तर पीपीएसच्या कडेवर रिंगिंग आहे, म्हणजे कड थरथरून दोनदा मोजली जाते: मधे श्मिट ट्रिगर (कड स्वच्छ करणारी चिप) घाला. तो उलटा करणारा असेल तर दोन घाला, नाहीतर पल्सच्या मागच्या कडेला मोजत बसाल.

आता करवत. रिसीव्हर पीपीएसची कड स्वतःच्या घड्याळाच्या टोल्यावरच देऊ शकतो. एम८टी चं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं, म्हणजे एक टोला २०.८ नॅनोसेकंदांचा, आणि कड खऱ्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे १०.४ पर्यंत हुकते. किती हुकणार ते रिसीव्हर टिम-टीपी या संदेशात पिकोसेकंदांत आधीच सांगतो. तो आकडा मापात मिळवायचा. दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, हा आकडा पुढच्या पल्सचा असतो, मागच्या नव्हे. दोन, चिन्ह. दोन्ही चिन्हांनी करून पाहा: बरोबर चिन्हाने थरकाप स्पष्ट कमी होतो, चुकीच्याने जवळजवळ दुप्पट होतो.

दुरुस्ती न करता नुसती सरासरी घेतली तर चालेल असं वाटतं. बहुतेक वेळ चालतंही. पण रिसीव्हरच्या घड्याळाचे सेकंदातले टोले पूर्णांकाच्या अगदी जवळ आले की करवतीचे दात लांबतात, आणि काही मिनिटं चूक एकाच बाजूला टांगून राहते. जाणकार याला लटकता पूल म्हणतात. सरासरी त्याच्यापुढे हतबल आहे.

६. मोकळा सोडून मोजा

ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळू नका.

डॅक मध्यावर ठेवा, म्हणजे २.५ व्होल्ट. दोन दिवस फक्त नोंद: फेज, करवत, तळपट्टीचं तापमान, दिव्याचं व्होल्टेज. फेजच्या रेषेचा उतार म्हणजे रुबिडियमची चूक. तासाला ३६० नॅनोसेकंद म्हणजे १०० भाग.

मग डॅकची ताकद मोजा. डॅक २०,००० वर एक तास, ४५,००० वर एक तास. एलपीआरओमध्ये ५ व्होल्टमध्ये सुमारे ३,००० भाग मिळतात, म्हणजे १६ बिटांच्या एका पायरीला ०.०४६ भाग. २५,००० पायऱ्यांना १,१५० भाग, फेज तासाला ४,१४० नॅनोसेकंद सरकते. तुमचा आकडा थोडा वेगळा येईल, तोच वापरा. क्षेत्र आणि वारंवारतेचं नातं वर्गाचं असल्यामुळे दोन टोकांना ताकद सारखी नसते, म्हणून जिथे डॅक नेहमी राहणार त्याच्या आसपास एकदा पुन्हा मोजा. डॅक वाढवल्यावर वारंवारता वाढते की कमी होते हेही इथेच लिहून ठेवा. चिन्ह उलटं असलेला लूप तासाभरात डॅकला टोकावर नेऊन बसवतो.

डॅकचा संदर्भ म्हणून यूएसबीचे ५ व्होल्ट नकोत. ते १ टक्का हलले की मध्यावर १५ भाग गेले.

७. लूप

फेजची ठरलेल्या जागेपासूनची चूक म्हणजे फ. ठरलेली जागा ५०० नॅनोसेकंद धरा, दोन्ही टोकांपासून लांब. टाइम कॉन्स्टंट ट. दुरुस्तीचे दोन हिस्से: पहिला फ भागिले ट, दुसरा दर सेकंदाला साठत जाणारा, फ भागिले ट च्या वर्गाच्या चौपटीने. चौपट घेतलं की लूप न डोलता बसतो.

उदाहरण: ट १०,००० सेकंद, फ २० नॅनोसेकंद. पहिला हिस्सा २ भाग, म्हणजे सुमारे ४३ पायऱ्या. दुसरा दर सेकंदाला ०.००१ पायरी.

या शेवटच्या आकड्याकडे नीट पाहा, कारण इथे बरेच प्रोग्राम गुपचूप मरतात. पूर्णांकात हिशेब केला तर ०.००१ म्हणजे शून्य, साठा कधी हलतच नाही. म्हणून लोक फ्लोट वापरतात. पण ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ३२,७६८ च्या वर सर्वात लहान पाऊल ०.००३९ आहे, आणि त्याच्या निम्म्याहून लहान बेरीज तो गिळून टाकतो. नॅनोवर डबल लिहिलंत तरी तो ३२ बिटांचाच असतो. साठा ६४ बिटांच्या पूर्णांकात, पायरीच्या दशलक्षांशात ठेवा. लक्षण ओळखायला सोपं आहे: फेज शून्याच्या एका बाजूला कायम थोडी टांगलेली राहते आणि दिवस गेले तरी परत येत नाही.

ट एकदम मोठा ठेवू नका. पहिला तास ५०० सेकंद, मग २,०००, ट च्या दोन-तीन पट वेळ शांत गेल्यावर ५,०००, मग १०,०००. बदलताना साठा जसाच्या तसा न्या, शून्य करू नका. एका सेकंदात १०० नॅनोसेकंदांहून मोठी उडी दिसली तर ते माप टाकून द्या, पण अशी शंभर मापं सलग आली तर ती चूक नव्हे, खरी घटना आहे: लूप थांबवून इशारा द्या.

पीआरएस१० मध्ये हे सगळं आत आहे. पीपीएस जोडा, सिरियलवर ९६०० ने बोला, पीएल १ ने लूप चालू. टाइम कॉन्स्टंट पीटी ने ठरतो. कारखान्यातून आलेला पीटी ८ म्हणजे ६५,५३६ सेकंदांचा इंटिग्रेटर (वर सांगितलेला साठत जाणारा हिस्सा), आणि लूपचा स्वाभाविक काळ सव्वादोन तासांच्या आसपास. चांगल्या २५६ पल्स सलग आल्याशिवाय तो सुरुवातच करत नाही, तेव्हा पहिल्या चार मिनिटांत घाबरू नका. करवतीची दुरुस्ती मात्र तो स्वतः करत नाही.

८. आलेख वाचा: दोष कुणाचा?

आठवडाभराचा फेज आणि डॅकचा आलेख काढा. रोज एक उंचवटा दिसतो. तो कुणामुळे, हे घड्याळावरून कळतं. उंचवटा रोज चार मिनिटं आधी येत असेल तर परावर्तन आहे, कारण जीपीएसचे उपग्रह २३ तास ५६ मिनिटांनी त्याच जागी येतात. रोज ठरलेल्या वेळीच येत असेल तर सूर्याशी संबंध आहे: एकतर खोलीचं तापमान, नाहीतर आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, जो सिग्नलला उशीर लावतो. तापमानाची नोंद शेजारी ठेवली की दोघांत निवड करता येते.

आयनांबराचा त्रास युरोप-अमेरिकेतल्या मार्गदर्शकांत फारसा लिहिलेला नसतो. आपल्याकडे तो ठळक आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि आयनांबराची दाट कमान भोपाळ–अहमदाबादच्या आसपास येते. महाराष्ट्र आणि गोवा हे विषुववृत्त आणि ही कमान यांच्या मधे येतात. एका वारंवारतेचा रिसीव्हर उपग्रहांनी दिलेलं ठोकळ प्रारूप वापरतो, ते निम्म्याच्या आसपास चूक काढतं, बाकीची दुपारी शिगेला जाऊन रात्री ओसरते. सहा तासांत २० नॅनोसेकंदांचा खोटा चढ म्हणजे जवळजवळ १ भाग. शिवाय मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सूर्य डागाळलेला असताना, सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत सिग्नल लुकलुकतो आणि उपग्रह सुटतात. रात्री नऊला रिसीव्हर वेडा झाला म्हणून अँटेना बदलायला निघू नका. टाइम कॉन्स्टंट ३०,००० पर्यंत वाढवला तर हा डोलारा दबतो, पण तेवढ्या वेळ रुबिडियम स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, म्हणजे दुसरी पायरी पक्की हवी. पैसे असतील तर दोन वारंवारतांचा रिसीव्हर हा रोग मुळातून काढतो.

९. आकाश गेलं, वीज गेली

पीपीएस थांबली की डॅक गोठवा, पण शेवटच्या सेकंदाच्या आकड्यावर नव्हे, गेल्या काही तासांच्या साठ्याच्या सरासरीवर. १ भागावर बसलेला रुबिडियम दिवसभरात शंभरेक नॅनोसेकंदच हलेल. सिग्नल परत आल्यावर लगेच पकडू नका. रिसीव्हरला १० मिनिटं स्थिर होऊ द्या.

वीज जाणं अधिक वाईट, कारण परत आल्यावर स्थिर व्हायला तास जातात. १२ व्होल्ट ७ ॲम्पियर-तासाच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २७.४ व्होल्टवर चार्ज ठेवा. एलपीआरओला १९ ते ३२ व्होल्ट चालतात, मधे काही बसवायला नको. रात्रभराचं भारनियमन निघून जातं. इन्व्हर्टरची चौकोनी वीज आणि तिचा ट्रान्सफॉर्मर यापेक्षा हे शांत.

१०. खात्री

ज्या पीपीएसने जुळवलं तिच्याशीच ताडून पाहणं म्हणजे स्वतःचा पेपर स्वतः तपासणं. लूपमधला फेजचा आलेख लूप चालतोय एवढंच सांगतो. दुसरा रिसीव्हर, दुसऱ्या अँटेनावर, लूपच्या बाहेर ठेवून त्याच्याशी आठवडा तुलना करा. ॲलन डेव्हिएशनच्या (किती काळावर घड्याळ किती थरथरतं ते दाखवणाऱ्या) आलेखात टाइम कॉन्स्टंटजवळ फुगवटा दिसला तर लूप डोलतोय: चौपटीऐवजी सहापट करा. दुसरा रुबिडियम उसना मिळाला तर १ ते १,००० सेकंदांचं माप त्याच्याशी घ्या, तिथे उपग्रहांचं काही चालत नाही.

डॅकचा साठा महिन्यामागून महिना एका दिशेने सरकत जाईल, ते वय आहे, दोष नव्हे. तो पट्ट्याच्या टोकाला दहा टक्क्यांवर आला की डब्याच्या अंगावरचा ट्रिमर, असला तर, किंचित फिरवून डॅक मध्यावर आणा आणि सहावी पायरी पुन्हा करा. डब्यावर चिठ्ठी चिकटवा: टाइम कॉन्स्टंट, डॅकची ताकद, आजचं दिव्याचं व्होल्टेज, तारीख.